चप्पल व्यवसायाची साधी वेबसाइट: नावापासून मापापर्यंत

कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर भागात घरोघरी चपला तयार होतात. बराचसा माल दुकानदारांमार्फतच विकला जातो. तिथल्याच एका नव्या छोट्या व्यवसायाला थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचता यावं म्हणून आम्ही वेबसाइट उभी केली. मुख्य पानं पाच: पहिलं पान, चपला, माप, निगा आणि संपर्क. त्यांच्या खाली परतावा, पोचवणी वगैरे नियमांची पानं. हे काम कोणत्या क्रमाने केलं, वेळ कुठे जातो आणि गाडं कुठे अडतं ते इथे मांडतो आहोत. चपलेच्या जागी गूळ, कांदा-लसूण मसाला किंवा कोल्हापुरी साज असला तरी यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

कामाला डिझाइनपासून हात घालू नये. आधी एक वही घ्यावी आणि गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत उतरवावं. किंमत किती? माझ्या पायाला बसेल का? चामडं कशाचं? करकर वाजते का? पावसात घातली तर चालेल का? नाही बसली तर बदलून मिळेल का? पुण्याला कधी पोचेल? हे प्रश्न हाती लागले की पानं आपोआप ठरतात. ज्या मजकुराने यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही तो साइटवर नको. ध्येय, दृष्टी, गुणवत्तेचा ध्यास असले परिच्छेद थीमबरोबर, म्हणजे साइटच्या तयार साच्याबरोबर, येतात, ते सरळ काढून टाकावेत. त्या जागी चपला कोण करतं, कुठे करतं आणि शिलाई कशाची, एवढ्या चार ओळी पुरतात.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नाव फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर लिहिता आलं पाहिजे, ही एकच कसोटी आम्ही लावतो. चप्पल हा शब्द रोमनमध्ये कुणी एका पीने लिहितं, कुणी दोन, कुणी शेवटी एस जोडतं. आडनावांचंही तसंच. म्हणून ज्याचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होतं असा छोटा शब्द घ्यावा, मधे आडवी रेघ आणि आकडे नकोत. डॉट कॉम मिळत असेल तर ते, नाहीतर डॉट इन. परवडत असेल तर दोन्ही घेऊन एक दुसऱ्याकडे वळवून ठेवावं. देवनागरीत डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि दिसायला सुरेख आहे. पण काही ॲप आणि फॉर्म ते अजून नीट ओळखत नाहीत, त्यामुळे मुख्य पत्ता म्हणून आम्ही ते घेत नाही. किंमत पाहताना पहिल्या वर्षाची न पाहता नूतनीकरणाची पाहावी. पहिल्या वर्षी नाममात्र दरात दिलेलं डोमेन पुढच्या वर्षी पूर्ण दराने नवं करावं लागतं आणि तो दर बारीक अक्षरात असतो.

इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पैशाची नाही, मालकीची आहे. डोमेन व्यवसायाच्या मालकाच्या नावाने, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइलवर नोंदवलं गेलं पाहिजे. साइट करून देणारा माणूस कितीही ओळखीचा असो, त्याच्या खात्यातून डोमेन घेऊ नये. तो गाव बदलतो, काम सोडतो, फोन उचलत नाही, आणि पिशव्यांवर, डब्यांवर, पावत्यांवर छापलेलं नाव मालकाच्या हातात राहत नाही. साइट नवी करता येते, गेलेलं नाव परत मिळवणं अवघड असतं. म्हणून खातं मालकाने उघडायचं, ओटीपी त्याच्या फोनवर येऊ द्यायचा, आणि काम करणाऱ्याला वेगळा प्रवेश द्यायचा. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल खरा असल्याची खात्री करणारी लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन थांबवलं जातं आणि चालू साइट अचानक बंद पडते. ती मेल बहुधा स्पॅममध्ये पडलेली असते, तिथे आवर्जून बघावं.

होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, फार खल करायची गरज नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे तयार साइट-बिल्डर: महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरायचे, बाकी सगळं तेच सांभाळतात, पण साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. दुसरी म्हणजे साधं शेअर्ड (अनेक साइटींत वाटलेलं) होस्टिंग आणि त्यावर वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर: डागडुजी स्वतः करायची, पण सगळं आपल्या ताब्यात. आम्ही दुसरी घेतली, कारण घरातलं एक माणूस ती सांभाळायला तयार होतं. असं कुणी नसेल तर पहिली बरी. फुकट मिळालेली महागडी थीम मात्र कधीही बसवू नये. परवाना तोडून वाटलेल्या अशा थीममध्ये बरेचदा आधीच चोरदार ठेवलेलं असतं. काही महिन्यांनी गूगलवर आपल्या चपलांच्या नावाखाली परदेशी औषधांच्या जाहिराती दिसायला लागतात आणि ते निपटणं नवी साइट करण्याहून कठीण जातं.

होस्टिंग घेतल्यावर डोमेन त्याच्याकडे वळवायचं. नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुठे न्यायचं ते सांगणारी नोंद, बदलला की बदल सगळीकडे पोचायला काही मिनिटांपासून ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्या काळात एका फोनवर साइट दिसते आणि दुसऱ्यावर नाही. म्हणून घाबरून पुन्हा सेटिंग बदलू नये. डोमेनवर आधीपासून ईमेल चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी एमएक्स नोंदी (ईमेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या) उतरवून ठेवाव्यात आणि नव्या जागी पुन्हा भराव्यात, नाहीतर येणारी पत्रं बंद होतात. साइटशी जोडणी सुरक्षित करणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळतं. त्याची मुदत फार तर ९० दिवस असते, म्हणून ते आपोआप नवं होतं की नाही हे होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तपासावं. प्रमाणपत्र असूनही ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर बहुधा एखादा फोटो जुन्या, असुरक्षित एचटीटीपी पत्त्यावरून येत असतो.

आता मराठी मजकूर. यात मराठी साइटवाल्यांचा जितका वेळ जातो त्याची कल्पना इंग्रजी मार्गदर्शिका वाचून येत नाही. छापखान्यात केलेल्या माहितीपत्रकाची फाइल हाताशी असते, तिच्यातला मजकूर उचलून साइटवर टाकला की सगळा कचरा दिसतो. कारण तो श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमधला असतो. त्या फॉन्टमध्ये 'क'च्या जागी खरं तर एखादं रोमन अक्षर साठवलेलं असतं. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणावा आणि मग ओळ न् ओळ वाचावा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. चार पानांचाच मजकूर असेल तर नव्याने टाइप करणं लवकर होतं.

फॉन्ट 'मुक्त', 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'हिंद' यांपैकी एक घ्यावा आणि दोनच वजनं ठेवावीत, साधं आणि ठळक. देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते, सहा वजनं लादली की पान रखडतं. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी करावी. मग गूगलला पानाची भाषा कळते, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. थीमच्या मथळ्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, रोमनला ते शोभतं. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि शब्द ठिगळाठिगळांचा दिसतो, म्हणून ते अंतर शून्य करावं. ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट ठेवावी. त्याहून कमी असली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात, आणि बटणावरच्या 'मागणी नोंदवा'मधली वेलांटी वरून कापली जाते.

पानांचे पत्ते मात्र रोमनमध्ये ठेवावेत. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप मराठीत करतं. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवली की प्रत्येक अक्षराचे टक्केचिन्हांसह नऊ-नऊ वर्ण होतात. 'कापशी चप्पल' (कोल्हापुरीचा एक प्रकार) एवढ्या पत्त्याची चार ओळींची कुंडली होते आणि समोरच्याला ती लिंक फसवी वाटते. पान प्रसिद्ध करण्याआधीच पत्ता बदलावा. नंतर बदलला तर आधी वाटलेल्या लिंका मोडतात.

फोटोंसाठी स्टुडिओ लागत नाही. खिडकीजवळ टेबल, त्यावर पांढरा कार्डशीट मागे उंचावून वाकवलेला, म्हणजे जमीन आणि भिंत यांच्यातली रेघ दिसत नाही. घरातला दिवा आणि ट्यूब बंद. पिवळ्या दिव्याखाली तेल दिलेलं चामडं आहे त्यापेक्षा लालसर दिसतं, आणि घरी पोचलेला जोड पाहून गिऱ्हाईक म्हणतं, रंग वेगळा आहे. उन्हाळ्यात दुपारची सावली कडक पडते, सकाळी नऊ-दहाचा किंवा ढगाळ दिवसाचा उजेड उत्तम. प्रत्येक प्रकाराचे पाच फोटो: वरून जोड, तिरका कोन, टाचेची जाडी दिसेल असा बाजूने, तळ, आणि पायात घातलेला. सहावा घ्यायचाच असेल तर वेणीचा आणि कानाच्या (पट्ट्याच्या बाजूच्या चामडी पाकळीच्या) शिलाईचा अगदी जवळून. हाताने केलेल्या चपलेची किंमत गिऱ्हाइकाला त्या एका फोटोत पटते.

मोबाइलचा फोटो साधारण ४ एमबीचा आणि ४००० पिक्सेल रुंद असतो. दहा प्रकारांचे पाच-पाच म्हणजे ५० फोटो, तसेच चढवले तर २०० एमबी. तेच १२०० पिक्सेल रुंदीला आणून वेबपी (फोटोच्या फाइलचा हलका प्रकार) किंवा ७५-८० दर्जाच्या जेपेगमध्ये ठेवले की दर फोटो १५० केबीच्या आसपास बसतो, सगळे मिळून साडेसात एमबी. फोनच्या पडद्यावर दोन्हींत फरक दिसत नाही. फाइलला कॅमेऱ्याचा नंबर तसाच न ठेवता चपलेचं नाव द्यावं. फोटोच्या पर्यायी मजकुरात (ऑल्ट टेक्स्ट) 'तेल दिलेली कापशी, बाजूने' असं मराठीत लिहावं. दृष्टी नसलेल्या माणसाचा फोन तेच वाचून दाखवतो आणि गूगलही तेच वाचतं.

या साइटवर सगळ्यांत जास्त वेळ मापाच्या पानाला दिला, आणि ऑनलाइन चप्पल विकणाऱ्या प्रत्येकाने तो द्यावा असं आमचं ठाम मत आहे. दुकानात माणूस दोन जोड पायात सरकवून बघतो, साइटवर ते काम या पानाने करायचं असतं. इंटरनेटवरचं तयार कोष्टक इथे चालत नाही. इंग्लिश पद्धतीत एका नंबरचं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर असतं. युरोपीय पद्धतीत ते ६.७ मिलिमीटर असतं. त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकमेकींवर कधीच नेमक्या बसत नाहीत आणि जो तो कारखाना आपल्या सोयीने जुळवून घेतो. आपल्याकडच्या प्रत्येक नंबरचा तयार जोड घ्यावा, टाचेच्या कडेपासून अंगठ्यापुढच्या कडेपर्यंत तळ पट्टीने मोजावा, बोटांच्या मुळाशी रुंदी मोजावी, आणि त्यावरून कोष्टक करावं. एकाच नंबरचे तीन-चार जोड मोजून पाहावेत. हातकामात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतं, तेही पानावर लिहावं. बंद बुटासारखी चप्पल पायाला सगळीकडून धरत नाही, पण बोटं आणि टाच तळाच्या आत राहिली पाहिजेत. म्हणून पायाची लांबी आणि तळाची लांबी असे दोन वेगळे रकाने हवेतच.

पाय मोजायची रीत गिऱ्हाइकाला फोटोंसह दाखवावी. कोरा कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवायचा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहायचं, बसून मोजलं तर पाय आखूड भरतो. दुसऱ्या माणसाने पेन्सिल अगदी उभी धरून सर्वांत पुढच्या बोटापाशी खूण करायची. पेन्सिल तिरकी झाली की तीन-चार मिलिमीटर सहज चुकतात, म्हणजे जवळजवळ अर्धा नंबर. सर्वांत पुढचं बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजून मोठा धरायचा, आणि शक्यतो संध्याकाळी मोजायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मग त्याच कागदाचा पट्टी ठेवून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवावा. नुसता 'आठ नंबर' म्हणणाऱ्याकडूनही तो फोटो मागितला की माप बदलण्याचे प्रसंग लक्षात येण्याइतके कमी होतात.

त्याच पानावर आणखी एक खुलासा हवा: पट्टा आणि कान वापराने सैल होतात, तळ लांब होत नाही. म्हणून नवी चप्पल वरून घट्ट वाटली तर हरकत नाही, बोट तळाबाहेर जात असेल तर मात्र पुढचा नंबर घ्यावा. कोष्टक चित्र म्हणून न टाकता खरं कोष्टक म्हणून टाकावं आणि चारपेक्षा जास्त रकाने करू नयेत. पाचवा रकाना फोनच्या पडद्याबाहेर जातो आणि तो आहे हे कुणाला कळतही नाही.

निगेचं पान छोटं पण खरं हवं. वनस्पतीजन्य कमावणीचं चामडं आहे, पाण्यात भिजवू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा शेगडीजवळ नको. अधूनमधून तेलाचा हात द्या, त्याने रंग गडद होतो आणि तो दोष नव्हे. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की बुरशी धरते. 'पावसात चालेल का' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर लिहावं. विक्री थोडी कमी होईल, पण जुलैमध्ये परत येणारे जोडही कमी होतील.

मागणी घेण्यासाठी सुरुवातीला कार्ट लावली नाही. प्रत्येक चपलेखाली व्हॉट्सॲपचं बटण, आणि त्यात आधीच लिहिलेला निरोप: चपलेचं नाव, नंबर, पिनकोड. लिंकमध्ये मोबाइल नंबर ९१ लावून सलग लिहायचा. अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा त्यात नको. फोन नंबरही दाबता येईल असा ठेवावा, चित्रात रंगवलेला नको. संपर्काचा फॉर्म आम्ही मुद्दाम टाळला. साध्या होस्टिंगवरून निघालेली फॉर्मची मेल बरेचदा स्पॅममध्ये जाते, आणि तीन दिवसांनी सापडलेली मागणी ही गेलेलीच मागणी. फॉर्म हवाच असेल तर एसएमटीपी (खऱ्या मेलखात्यातून मेल पाठवायची सोय) जोडून, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल आपलीच आहे हे पटवणाऱ्या) नोंदी घालून मगच लावावा.

पैसे यूपीआयने घेताना समोरून आलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नये. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच पार्सल बांधावं. मागण्या वाढल्यावर पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेणारी सेवा, लावता येतो. त्याचा सर्वसाधारण दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा असतो. १५०० रुपयांच्या जोडावर ३० रुपये आणि ५ रुपये ४० पैसे, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे जातात, ते किमतीत आधीच धरावेत. गेटवेवाले साइट तपासतात आणि संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा, पोचवणी ही पानं नसतील तर अर्ज परत पाठवतात. ही पानं दुसरीकडून उतरवून घेऊ नयेत. माप बदलायचं तर कुरिअरचा खर्च कुणी द्यायचा, वापरलेली चप्पल परत घेणार का, किती दिवसांत कळवायचं, हे स्वतःशी ठरवून साध्या मराठीत लिहावं. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे व्यवसायाचं नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कुणाकडे करायची हे साइटवर असावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर जीएसटीबद्दल सीएशी आधी बोलावं. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. हुबेहूब तशी दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकनाचं चिन्ह साइटवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद झालेली असावी लागते. ती होईपर्यंत चिन्ह न लावता चप्पल कुठे आणि कुणाच्या हातची आहे एवढं खरं लिहावं.

साइट खुली करताना वर्डप्रेसच्या वाचन-सेटिंगमधली 'सर्च इंजिनांना मज्जाव' ही खूण काढली आहे ना ते सगळ्यांत आधी पाहावं. साइट तयार होईपर्यंत ती लावलेली असते आणि तशीच राहते, मग साइट गूगलवर येत का नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने वाट बघतात. त्यानंतर गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, द्यायचा. पानं दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद) वेगळं काढावं. पडताळणीसाठी सहसा सलग चित्रित केलेला व्हिडिओ मागतात. त्यात गल्ली, दारावरचं नाव आणि काम चालू असलेली जागा दिसली पाहिजे. घरातून व्यवसाय असेल तर पत्ता लपवून सेवा कुठे देता तेवढं दाखवता येतं. नाव, पत्ता आणि फोन साइटवर एक आणि प्रोफाइलवर दुसरा असं होऊ देऊ नये. साइटवर नकाशा थेट बसवण्यापेक्षा नकाशाची लिंक द्यावी, पान हलकं राहतं.

वेग तपासायचा तो ऑफिसच्या वायफायवर नाही. चार-पाच वर्षं जुना अँड्रॉइड घेऊन महाद्वार रोडला सणाच्या गर्दीत उभं राहावं आणि मोबाइल डेटावर साइट उघडावी. मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, गूगलची कसोटीही तीच आहे. नाही दिसला तर पहिल्या पानावरचा सरकता स्लाइडर काढा, बहुतेक वेळा तोच दोषी असतो.

पावसाळ्याची एक सोय मुद्दाम करून ठेवली आहे: प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक सूचनापट्टी, फोनवरून चालू-बंद करता येणारी. पंचगंगेला मोठा पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो, २०१९ आणि २०२१ मध्ये झाला होता, आणि कुरिअर अडकतात. 'पुरामुळे पार्सल उशिरा निघतील, मागणी घेणं चालू आहे' एवढी ओळ लागली की फोनवर तेच तेच सांगत बसावं लागत नाही. साइटचा बॅकअप आठवड्यातून एकदा आपोआप निघतो आणि होस्टिंगच्या बाहेर, मालकाच्या क्लाउड खात्यात जातो. दर महिन्याला प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचे, पण आधी बॅकअप, मग अद्ययावत, मग व्हॉट्सॲपचं बटण दाबून निरोप खरंच जातो का ते पाहायचं. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख मालकाच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची लावून दिली आहे, आणि ज्या कार्डावरून पैसे कापले जाणार त्याची मुदत कधी संपते तेही तिथेच लिहिलं आहे.